खिशातील प्राणिसृष्टी आणि नवखा : ‘पोकेमॉन’च्या पहिल्या खेळाचा एक भाषिक विचार

एखाद्या कृतीचे परीक्षण करणे आणि नवख्याला तिचा परिचय करून देणे ही दोन कामे वेगळी मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पहिले पंडिताचे, दुसरे शिक्षकाचे, आणि त्यांतही दुसरे काहीसे कमी प्रतीचे, असा एक अव्यक्त समज त्यामागे असतो. परंतु काही कृती अशा असतात, की त्यांचा परिचय कसा करून द्यावा हाच त्यांच्या परीक्षणातील मुख्य प्रश्न होऊन बसतो. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी प्रसिद्ध झालेला, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये ‘रेड’ व ‘ब्लू’ अशा दोन आवृत्त्यांच्या रूपाने अमेरिकेत इंग्रजीतून अवतरलेला ‘पोकेमॉन’ हा खेळ या वर्गात मोडतो. रानात हिंडून विलक्षण प्राणी धरावयाचे, पाळावयाचे, वाढवावयाचे व परस्परांशी झुंजवावयाचे, एवढेच त्याचे बाह्य स्वरूप आहे. त्याच्या अंतरंगात शिरावयाचे तर नवखा तेथे कोणत्या दाराने येतो, हे आधी पाहिले पाहिजे.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील वाचकापुरते बोलावयाचे झाल्यास हे दार चमत्कारिक आहे. जपानी मुलाच्या हाती प्रथम खेळ आला, मागाहून दूरचित्रवाणीवरील मालिका आली. येथे क्रम उलटा झाला. २००३ साली कार्टून नेटवर्क या वाहिनीवर ही मालिका हिंदीतून दिसू लागली; तिच्या पाठोपाठ बटाट्याच्या कापांच्या पाकिटांतून निघणाऱ्या चित्रांच्या चकत्या आल्या आणि गोट्यांच्या व काड्यापेटीच्या छापांच्या जुन्या सौद्यांना एक नवे चलन लाभले. मूळ यंत्र मात्र मध्यमवर्गीय घरांत क्वचितच दिसे. पुढे ज्यांना खेळाची ओढ लागली त्यांनी तो घरच्या अथवा सायबर कॅफेतील संगणकावर, त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटर नामक आज्ञावलीच्या साहाय्याने खेळला. डिसेंबर २०१६ मध्ये भ्रमणध्वनीवरील ‘पोकेमॉन गो’ भारतात अधिकृतपणे उपलब्ध झाला, तेव्हा या परिचयात आणखी एक थर जमा झाला. सारांश, येथील नवखा हा कोऱ्या पाटीचा नव्हे. त्यास पात्रांची नावे ठाऊक असतात, चेहरे ठाऊक असतात. ठाऊक नसतो तो केवळ खेळ. महाभारत मालिकेतून पाहिलेल्या विद्यार्थ्यास ग्रंथाकडे वळविताना शिक्षकास जी अडचण येते, तीच येथे लहान प्रमाणावर उपस्थित होते.

अशा नवख्यास परिचय करून देणाऱ्यांच्या दोन रीती सर्वत्र आढळतात आणि दोन्ही सदोष आहेत. पहिली यादीची रीत. १५१ प्राणी, १५ प्रकार, ८ पदके, एका वेळी जवळ बाळगता येणारे ६ सोबती, प्रत्येकास ४ डावपेच, अशी सामग्री प्रथमच पुढे मांडली जाते. वर कोणता प्राणी घ्यावा व कोणता टाळावा याचा सल्लाही दिला जातो. व्याकरण पाठ करून घेऊन मग भाषा बोलावयास लावण्याचाच हा प्रकार होय. दुसरी रीत स्मरणरंजनाची. तीत खेळाविषयी जवळजवळ काहीच सांगितले जात नाही; सांगणाऱ्याच्या बालपणाविषयी मात्र पुष्कळ सांगितले जाते. पहिली नवख्याचे अज्ञान हिरावून घेते, दुसरी त्यास बाहेरच उभा ठेवते. अज्ञान हिरावून घेणे हा येथे अपराध का मानावा, हे खेळाच्या आरंभीच्या रचनेवरून कळून येते.

तो आरंभ बारकाईने पाहण्याजोगा आहे. खेळणारा एका लहान गावातील घरात जागा होतो. गावाबाहेर उंच गवत आहे. तेथे पाऊल टाकू जाताच एक वृद्ध प्राध्यापक त्यास थांबवितो, कारण गवतात रानटी प्राणी आहेत आणि मुलाजवळ स्वतःचा प्राणी नाही. मग प्रयोगशाळेत तिघांपैकी एक निवडावयाचा : अग्नीचा, पाण्याचा वा वनस्पतीचा. शेजारचा प्रतिस्पर्धी मुलगा लगेच असा प्राणी निवडतो, की जो आपल्या प्राण्यास भारी पडेल. पाणी अग्नीस विझविते, अग्नी वनस्पतीस जाळतो, वनस्पती पाणी शोषून घेते. खेळाच्या समग्र व्यवहाराचे बीज असलेला हा नियम कोणी समजावून सांगत नाही, तो प्रतिस्पर्ध्याच्या निवडीतून भोगावयास मिळतो. त्यानंतर होणारी पहिली झुंज हरली तरी कथा पुढे चालूच राहते. पुढच्या गावी गेल्यावर एक पुडके मिळते, ते प्राध्यापकास आणून द्यावे लागते, आणि तेव्हा कुठे प्राण्यांची नोंदवही हाती येते. रस्ता अडवून पडलेला एक म्हातारा मागाहून प्राणी कसा धरावा याचे प्रात्यक्षिक दाखवितो. आधी निषेध, मग अनुभव, मग साधन आणि सर्वांत शेवटी प्रात्यक्षिक, हा क्रम कोणत्याही प्राथमिक शिक्षकाने दखल घ्यावी असा आहे. गवताची भीती आधी मनात रुजते व गवताचा उपयोग मागाहून कळतो. म्हणूनच पुढे तासन्‌तास त्या गवतात हिंडणे कंटाळवाणे होत नाही.

पहिल्या मोठ्या अडथळ्याची मांडणी याहूनही मार्मिक आहे. ज्याने अग्नीचा प्राणी निवडला, त्यास पहिल्याच आखाड्यात खडकाच्या प्रकारचे प्राणी भेटतात व त्याचे काही चालेनासे होते. त्या गावाच्या अलीकडे एक जंगल आहे आणि त्यात क्षुल्लक दिसणाऱ्या अळ्या आहेत. त्यांपैकी ‘कॅटरपी’ नामक अळी सातव्या पातळीस कोश होते, दहाव्या पातळीस फुलपाखरू होते व बाराव्या पातळीस तिला असा एक मानसिक डावपेच साधतो, की ज्याच्यापुढे खडकाची मात्रा चालत नाही. याची सूचना कोठेही नाही. ज्याने निरुपयोगी अळी दोन-तीन तास ममतेने सांभाळली त्यासच ते कळते. यादी पुढे करणारा मार्गदर्शक हे फळ नवख्याच्या हातून काढून घेतो; त्याचा अपराध तो हाच.

आता भाषेचा प्रश्न. डोंबिवलीतील मुलाने हा खेळ इंग्रजीत वाचला. म्हणजे मराठी घरात, हिंदी मालिकेच्या ओळखीने, इंग्रजी संवाद. खेळातील इंग्रजी सोपे आहे, पण नावे सोपी नाहीत, आणि खरा खजिना नावांतच आहे. मूळ नाव ‘पोकेत्तो मोन्सुता’, म्हणजे खिशातील राक्षस, हेच जपानी पद्धतीने दोन्ही शब्दांचे शेंडे ठेवून ‘पोकेमोन’ असे आखूड झाले आहे. प्राण्यांची इंग्रजी नावे बहुतेक मिश्र घडणीची : ‘स्क्विर्टल’मध्ये पिचकारी उडविण्याचे क्रियापद व कासवाचे नाव यांचा सांधा आहे; ‘चारमँडर’मध्ये होरपळणे व सॅलमँडर यांचा. ‘एकन्स’ हा सापाचा इंग्रजी शब्द उलटा लिहून झाला आहे. त्याच्या मोठ्या रूपाचे ‘अरबोक’ हे नाव ‘कोब्रा’ या शब्दाच्या उलट्या उच्चारावर बेतले आहे. तीन पौराणिक पक्ष्यांच्या नावांच्या शेपटीस स्पॅनिशमधील एक, दोन, तीन हे अंक चिकटविले आहेत. नवख्यास हे सांगितले, की त्याच्या दृष्टीने प्रत्येक नाव एक लहानसे कोडे होते. न सांगितल्यास ती केवळ एक दुर्बोध नामावळी उरते. आपल्याकडे समासाचा विग्रह शाळेत शिकविला जातो, तेव्हा मराठी नवख्याची या कामी तयारी अगोदरच झालेली असते, फक्त ती कोणी जागी करीत नाही.

जपानी नावे पाहिली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘पिकाचू’ हे नाव भाषांतरकारांनी इंग्रजीत तसेच ठेवले. जपानीत ‘पिका’ हा लखलखाटाचा अनुकरणवाचक शब्द आणि ‘चू’ हे उंदराचे चूंचूं. इंग्रजी कानास यातील अर्थ लागत नाही, तो नुसत्या नादावर संतुष्ट राहतो. मराठीची गोष्ट निराळी. लखलख, चमचम, झगमग, चूंचूं, भुरभुर, सळसळ अशा शब्दांनी मराठीचा संसार भरलेला आहे, आणि डोळ्यांस दिसणाऱ्या गोष्टीलाही नाद देण्याची जपानीची खोड मराठीत पुरेपूर आहे. म्हणजे, या बाबतीत इंग्रजीच्या वाटेने जपानीकडे जाणाऱ्या मराठी वाचकाने उगाच लांबचा फेरा घेतला, असेच म्हणावे लागते. रंगांच्या बाबतीतही हेच. इंग्रजी आवृत्तीतील गावांना रंगद्रव्यांची नावे आहेत. सामान्य मराठी विद्यार्थ्यास ‘सिनबार’ व ‘व्हर्मिलियन’ हे शब्द परके वाटतात, पण हिंगूळ आणि शेंदूर हे त्याच्या आजीच्या देव्हाऱ्यापाशीच असतात.

यापेक्षाही सूक्ष्म प्रश्न लिंगाचा आहे. पहिल्या खेळात, ‘निडोरान’ या एका जोडीचा अपवाद वगळता, प्राण्यांना लिंग नाही; ती कल्पना १९९९ साली आलेल्या पुढील खेळात प्रविष्ट झाली. इंग्रजी वाक्यात त्यावाचून काही अडत नाही. मराठी बोलणाऱ्यास मात्र पहिल्याच वाक्यात तो, ती की ते हे ठरवावे लागते. ऊकारान्त नामे मराठीत तिन्ही लिंगांत आढळतात : लाडू पुल्लिंगी, वाळू स्त्रीलिंगी, लिंबू नपुंसकलिंगी. पण पिल्लू, वासरू, कोकरू, शिंगरू, पाखरू, लेकरू ही लहान जिवांची सारी पंगत नपुंसकलिंगी आहे. मराठीच्या अंगभूत प्रवृत्तीने पाहता ‘ते पिकाचू’ हा प्रयोग सर्वांत स्वाभाविक ठरतो. प्रत्यक्षात ‘तो पिकाचू’ रुळला. याचे कारण उघड दिसते : हिंदीत नपुंसकलिंग नाही, आणि ओळख झाली ती हिंदीतून. एका छोट्या पिवळ्या उंदराच्या निमित्ताने मराठीतील तिसऱ्या लिंगाची एक जागा अशी सहज सुटून गेली. (नपुंसकलिंग स्वीकारले असते तर ‘पाखरू-पाखरे’ या न्यायाने अनेकवचन ‘पिकाचे’ झाले असते आणि शेतीखात्याच्या परिपत्रकांशी त्याची गल्लत झाली असती, ही अडचण मान्य केली पाहिजे.) विषय क्षुल्लक वाटला तरी परक्या शब्दांना लिंग कसे मिळते या प्रश्नावर यातून बराच प्रकाश पडू शकेल. नामाच्या अन्त्य ध्वनीपेक्षा ज्या भाषेच्या मध्यस्थीने नाम आले तिचा दाब प्रबळ ठरतो काय, याचे परीक्षण करण्यास १५१ नामांचा हा आयता संच ठाणे-कल्याण परिसरातील बोलणाऱ्यांच्या तोंडी उपलब्ध आहे. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने तो हाती घ्यावा.

एक पारिभाषिक शब्द मात्र नवख्याची खरोखर दिशाभूल करतो. अळीचा कोश होणे व कोशाचे फुलपाखरू होणे यास खेळात ‘इव्होल्यूशन’ म्हटले आहे. दोष इंग्रजी भाषांतराचा नाही. जपानीतील ‘शिन्का’ हा शब्दही जीवशास्त्रात उत्क्रांतीसाठीच योजतात. उत्क्रांती होते ती पिढ्यानुपिढ्या, जातीची. एका जिवाच्या हयातीत घडते ते रूपांतर. मराठीत याचा परिचय करून देताना ‘उत्क्रांती’ हा शब्द योजणे म्हणजे मूळची चूक आणखी घट्ट करणे होय. ‘रूपांतर’ हा नेमका शब्द उपलब्ध आहे, आणि बोलण्यात ‘कात टाकली’ म्हटल्यानेही पुष्कळ साधते. ‘मॅजिकार्प’ हा दुबळा मासा विसाव्या पातळीस भयंकर नागासारखा ‘ग्याराडोस’ होतो. धबधबा चढून जाणारा कार्प मासा ड्रॅगन होतो, या चिनी-जपानी आख्यायिकेवर तो बेतला आहे. ही तर उघडच पुराणातील रूपांतराची जात आहे, डार्विनची नव्हे.

कीटकांकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण या खेळाचे मूळ तेथे आहे. खेळाचा कर्ता सातोशी ताजिरी (जन्म १९६५) हा तोक्योच्या माचिदा या उपनगरात वाढला. लहानपणी तो किडे गोळा करीत असे. सवंगडी त्यास ‘किड्यांचा डॉक्टर’ म्हणून चिडवीत. पुढे तळी बुजली, शेते गेली, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. १९८३ साली त्याने ‘गेम फ्रीक’ नावाचे खेळांविषयीचे हस्तनिर्मित नियतकालिक काढले, १९८९ साली त्याच नावाची संस्था स्थापिली, आणि सुमारे सहा वर्षांच्या खटपटीनंतर हा खेळ सिद्ध झाला. नव्या पिढीस कीटक धरण्याचा आनंद परत द्यावा ही त्यामागील प्रेरणा त्याने सांगितली आहे. ठाणे-कल्याणच्या वाचकास ही हकीकत समजावून सांगावी लागत नाही. भातखाचरे व पाणथळ जागा होत्या तेथे वसाहती उठल्या. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख आणि ठाण्याची अठरा लाखांवर भरली. तरीही येऊरचे डोंगर आहेत, घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडीत फुलपाखरांची बाग आहे, आणि तेथे वही घेऊन हिंडणारे हौशी लोकही आहेत. महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्ल्यू मॉरमॉन’ यास राज्य फुलपाखराचा मान दिला. त्या वेळी ‘राणी पाकोळी’ आणि पुढे ‘नीलवंत’ ही नावे त्यास मिळाली. फुलपाखरांना मराठी नावे देण्याचा तो उद्योग आणि पोकेमॉनच्या नावांची घडण यांत तत्त्वतः अंतर नाही : दोन्हीकडे पाहणे आधी व नाव देणे मागाहून असते, आणि नाव मिळाले की जीव नजरेस अधिक वेळा पडू लागतो.

या कृतीच्या दोषांविषयी मौन पाळणे परिचयकर्त्यास शोभणार नाही. मानसिक शक्तीचे प्राणी या पहिल्या खेळात अवाजवी बलिष्ठ झाले आहेत. त्यांना भीती ती केवळ भुतांची व किड्यांची, असे खेळातील एक पात्र सांगते. परंतु प्रत्यक्ष गणितात भुताच्या डावपेचाचा त्यांच्यावर काहीएक परिणाम होत नाही, आणि किड्यांचे डावपेच तर दुबळेच आहेत. संहिता एक बोलते व नियम दुसरेच करतात. कथात्मक कृतीत असे घडले तर त्यास निवेदकाचा कपट म्हणता येते. येथे ती सरळ रचनेची चूक आहे. गुहांतून चालताना दर चार पावलांवर वटवाघूळ आडवे येणे हाही असाच एक छळ आहे.

याहून गंभीर आक्षेप नीतीचा. रानातले जीव पकडून त्यांना झुंजविणे ही कोंबड्यांच्या झुंजीचीच सोज्ज्वळ आवृत्ती नव्हे काय, असा प्रश्न प्रौढ नवखा हटकून विचारतो. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने असल्या झुंजी गुन्हा ठरविल्या आहेत, हे ध्यानात घेता तो अनाठायीही नाही. खेळणारे प्राणी मरत नाहीत, मूर्च्छित होतात, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. पण खेळानेच ते अपुरे करून ठेवले आहे. लॅव्हेंडर नामक गावी मृत प्राण्यांच्या थडग्यांचा एक मनोरा आहे आणि चोरांच्या टोळीने मारलेल्या एका आईचे भूत तेथे वाट अडवून उभे आहे. एवढा एक प्रसंग सोडला तर खेळ या प्रश्नापासून दूर राहतो. तो प्रसंग आहे म्हणून कृतीची उंची वाढते, आणि पुढे त्याचे काही होत नाही म्हणून ती तेवढ्यावरच थांबते, असा निर्णय द्यावा लागतो.

राहिली दोरीची गोष्ट. दोन आवृत्त्या का काढल्या, हा प्रश्न नवखा विचारतो तेव्हा त्यास बहुधा व्यापाराचे कारण सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. ‘एकन्स’ केवळ ‘रेड’मध्ये सापडतो, ‘सँडश्रू’ केवळ ‘ब्लू’मध्ये, आरंभीच्या तिघांपैकी एकच मिळतो, दोन जीवाश्मांपैकी एकच. एकट्याच्या जवळील एका प्रतीत ही नोंदवही कधीही पुरी व्हावयाची नाही, अशीच तिची योजना आहे. दोन यंत्रे एका तारेने जोडावयाची व प्राण्यांची अदलाबदल करावयाची. ‘कडाब्रा’, ‘मशोक’, ‘ग्रॅव्हलर’ व ‘हाँटर’ हे चौघे तर दुसऱ्याच्या हाती गेल्यावाचून शेवटचे रूपच घेत नाहीत. गेम बॉयच्या तारेतून एक किडा एका यंत्रातून दुसऱ्यात चालत जात आहे, अशी ताजिरीची मूळ कल्पना होती असे सांगतात, आणि खेळाच्या घडणीवरून ती विश्वसनीय वाटते.

डोंबिवली-कल्याणातील ज्या मुलांनी हा खेळ संगणकावर खेळला, त्यांच्या वाट्यास नेमकी ही तार आली नाही. यंत्राची नक्कल झाली, शेजाऱ्याची झाली नाही. त्यांचा कडाब्रा कडाब्राच राहिला. चकत्यांच्या देवघेवीत जे सहज चालत होते, तेच या खेळातून गळले; आणि म्हणून पुष्कळांच्या लेखी हा एकट्याने खेळावयाचा, काहीसा लांबलेला खेळ ठरला. २०१६ साली नव्या हातयंत्रावर निघालेल्या पुनरावृत्तीत तारेवाचून अदलाबदल करण्याची सोय होती, परंतु त्या यंत्राचे विक्रीचे दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले. जुन्या काडतुसांतील नोंदी जपणाऱ्या लहान बॅटऱ्याही आता एकेक करून संपत आहेत.

तेव्हा परिचय करून द्यावयाचा तर तो दोघांना एकदम करून द्यावा. एकाच्या हाती ‘रेड’, दुसऱ्याच्या हाती ‘ब्लू’. यादी कोणासही देऊ नये. आरंभीच्या तिघांविषयी विचारल्यास केवळ नावांचा विग्रह करून दाखवावा. खेळ झुंज चालू नसताना कोठेही नोंदवून थांबविता येतो. ठाण्यास उघडलेला डाव दिव्याला मिटता येतो आणि परतीच्या गाडीत पुन्हा उघडता येतो. अर्थात सकाळच्या जलद गाडीत दोन्ही हात मोकळे मिळतील तर. दोघांच्या वह्या कोठे अडल्या हे ते आपसांत बोलू लागले, आणि ‘तुझ्याकडे तो आहे का?’ की ‘ते आहे का?’ यावर त्यांच्यात वाद झाला, की परिचयकर्त्याने तेथून उठावे.